मनगटाला धरून

मनगट मोडलं तर धाकटीच्या पदरात पुष्कळच पडणार होतं. एक तर साक्षीदार. सभागृह भरून साक्षीदार, आणि तेही सगळे कपड्याच्या धंद्यातले, म्हणजे सकाळी एका दुकानात उच्चारलेला शब्द दुपारपर्यंत शेवटच्या दुकानात अस्तर लावून पोचवणारे. दुसरं म्हणजे ताईचा पडलेला चेहरा. तो तिने जन्मात पाहिला नव्हता, आणि तो पाहायला मिळण्यासाठी एखादं हाड गेलं तर सौदा तिला महाग वाटत नव्हता. शिवाय मोडक्या हाताने कातरी धरता येत नाही. म्हणजे ताईच्या दुकानात इतकी वर्षं कापत कोण होतं, हे कुणी न सांगताच उघडं पडणार. आणि यातलं सगळ्यात गोड जे होतं ते ती स्वतःशीसुद्धा धड शब्दांत म्हणत नव्हती: ज्याच्या हातून हाड मोडतं, त्याला पुढे कधीही मान ताठ करून 'मी हिच्यासाठी काय नाही केलं' असं म्हणता येत नाही. समोरच्या बाजूला खर्च एकच, दुखेल. पण दुखण्याचा धाक आता तिला कोण घालणार होतं? हाडं ठिसूळ झाली असतील, मनगटं तर नक्कीच, असं म्हणून नव्या डॉक्टरने तिला पाठवलं होतं, आणि हा सगळा हिशेब तिने हाडांच्या तपासणीच्या टेबलावर उताणं पडून केला. पोटऱ्यांखाली फोमचा मोठा ठोकळा होता आणि यंत्राचा पांढरा हात तिच्या अंगावरून कुठेही न शिवता, हलकं गुणगुणत सरकत होता. इतक्या अदबीने तिच्या हाडांशी आजवर कुणी वागलं नव्हतं.

वयाने ती पन्नाशीच्या पुढे गेली होती, तरी घरात, दुकानात, दवाखान्याच्या रांगेत ती धाकटीच. कारण ताई मोठी होती, आणि ताई एकदा मोठी झाल्यावर घरात दुसऱ्या कुणाला काही व्हायला जागाच उरली नव्हती. आजही ताईच बरोबर यायची, पण धंद्याच्या संघटनेने तिचा सत्कार ठरवला होता आणि ती निमंत्रणं वाटायला गेली होती. म्हणून यंत्रामागच्या मुलीच्या प्रश्नांना धाकटीला स्वतःच उत्तरं द्यावी लागत होती, आणि स्वतःचा आवाज तिला जरा नवा वाटत होता.

"संधिवात किती वर्षं आहे तुम्हाला?"

"तुझं वय असेल तितकी."

मुलगी हसली. "स्टेरॉइड घेता?"

"छोटी पांढरी गोळी घेते."

"रोज?"

"सीझनला अख्खी. एरवी अर्धी."

कीबोर्डवरची बोटं थांबली. "कसला सीझन?"

"शाळांचा. आमचं गणवेशाचं दुकान आहे."

"असं घ्यायला डॉक्टरांनी सांगितलं होतं?"

"बहिणीने."

"बहीण डॉक्टर आहे?"

"नाही. मोठी आहे."

मुलीने यावर काहीच टाइप केलं नाही. त्यासाठी बहुधा तिच्या यंत्रात रकाना नसावा. मग तिने विचारलं, तुमच्या आईचं खुब्याचं हाड कधी मोडलं होतं का. मोडलं होतं. बाथरूमच्या उंबऱ्याशी आई नुसती वळली होती. पडली म्हणून मोडलं की मोडलं म्हणून पडली, यावर ताई आणि डॉक्टर यांचा वाद झाला होता आणि आई बिचारी त्या वादाचा निकाल लागायच्या आत गेली. "म्हणजे गोळीने पोखरलंयच, त्यात आईकडूनही आलंय थोडं," मुलगी म्हणाली आणि तिने धाकटीचा हात उचलून एका बारक्या टेबलावर ठेवला. बोटं एका बाजूला कललेली, वाऱ्याने वाकवलेल्या गवतासारखी, मनगटाचा उंचवटा, वर कागदासारखी पातळ चकचकीत कातडी. यंत्र पुन्हा गुणगुणलं. मुलगी पडद्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. "मी सांगायला नको, डॉक्टर सांगतीलच," ती म्हणाली. "पण तुम्हाला उठवताना कुणी मनगटाला धरून ओढतं का?"

"रोज."

"ओढू देऊ नका. आतून फार पोकळ झालंय हे. उठवायचंच असेल तर दोन्ही काखांत हात घालून. मनगटाला अजिबात नाही. एक झटका पुरेल."

धाकटीला हसू आलं. मुलीला वाटलं, बाई घाबरून हसतायत. तिने पाण्याचा पेला पुढे केला.

बाहेर रस्त्यावर ऊन पांढरं पडलं होतं आणि तिला स्वतःचा उजवा हात दुसऱ्याच कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा वाटत होता. कापडावर रेघा मारायचा खडू झिजत झिजत नखाएवढा पातळ होतो, तेव्हा तो चिमटीत धरतानाच कळतं की आता हा मोडणार. तरी शेवटची रेघ मारायचा मोह होतो. एक झटका पुरेल. हे शब्द तिने जिभेवर घोळवले. आयुष्यात तिच्याकडे असं काही नव्हतं की जे एका झटक्यात होईल. तिचं सगळं इंचाइंचाने, सकाळच्या ताठरपणात, कपाचा कान धरण्यात, गुंडी काजात सरकवण्यात चालायचं. आणि आता हातातच, हाताच्या आतच, एक झटका तयार होऊन बसला होता. तो ताईनेच तयार केला होता. अर्ध्या अर्ध्या गोळीने, चहाच्या बशीत ठेवून.

ती गोळी पहिल्यांदा आली तेव्हा तो चमत्कारच होता. आदल्या पंधरवड्यात तिला वेणी घालता येत नव्हती, ताई घालून द्यायची आणि ओढून घालायची, आणि गोळी घेतल्याच्या तिसऱ्या सकाळी ती उठून जड कातरीने एकावर एक घातलेले कापडाचे थर सरसर कापत सुटली होती. दुकानातले इस्त्रीवाले काका इस्त्री उभी ठेवून बघत राहिले होते. ताईने दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हटलं होतं, "बघा, म्हटलं नव्हतं मी? सगळं मनात असतं." त्या वेळचे डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी पुढे एकदा दोघींना बोलावलं आणि म्हणाले, ही गोळी फार दिवसांची नाही, दुसरी औषधं आहेत, ती आजारालाच रोखून धरतात. धाकटी बाहेर येऊन चपलेचा पट्टा लावत बसली. तो लागत नव्हता, बोटांना बक्कलचा दात सापडत नव्हता, आणि ताई आत राहिली ती बराच वेळ राहिली. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "ती दुसरी औषधं लिव्हर खातात. माणूस अंथरूण धरतं. आपली गोळी काय वाईट आहे?" तेव्हा शाळा उघडायला थोडेच दिवस उरले होते आणि गणवेशांचं कापड छतापर्यंत लागलं होतं. पुढे म्हातारे डॉक्टर गेले, त्यांच्या जागी औषधाच्या दुकानातला ओळखीचा माणूस आला, आणि गोळी देणं हे ताईच्या सकाळच्या कामांपैकी एक होऊन गेलं: कुलूप काढणं, यंत्रांत तेल घालणं, धाकटीला गोळी. कापड आलं की अख्खी. कापड संपलं की अर्धी. तिचे गाल हळूहळू फुगून गोल झाले, तेव्हा गिऱ्हाइकं म्हणायची, "ताई, बहिणीला चांगलं खाऊपिऊ घालता हो." आणि ताई नम्रपणे मान खाली घालायची. ती मान खाली घालणं धाकटीने नीट पाहून ठेवलं होतं. शिवलेल्या गळ्याला सुरेख चुणी पडावी तशी पडायची ती.

चष्मेवाल्याच्या वेळीही ती मान अशीच खाली गेली होती. समोरच्या फुटपाथवर त्याचं दुकान होतं, बोलताना तो समोरच्याच्या नाकाच्या दांडीकडे बघायचा, धंद्याची सवय, आणि धाकटीला ते आवडायचं, कारण तो निदान हातांकडे बघत नव्हता. त्याची आई लग्नाचं बोलायला येऊन बसली, चहा झाला, आणि ताई म्हणाली, "आमच्याकडे लपवाछपवी नाही. हिच्या हातांचं पुढे काय होईल सांगता येत नाही. नंतर तुम्ही म्हणाल, सांगितलं नाही." त्याच्या आईने कप खाली ठेवला, तो परत उचललाच नाही. ते लोक गेल्यावर ताई म्हणाली, "खरं बोललेलं बरं असतं, धाकटे." बरं असतंच. फक्त खरं बोलण्याची पाळी दरवेळी ताईवर यायची आणि ते सोसण्याची धाकटीवर, एवढाच काय तो फरक. चष्मेवाला पुढे दुसऱ्या रस्त्यावर गेला. त्याच्या जागी बुटांचं दुकान आलं.

आणि संध्याकाळचं ते उठवणं. दुकान बंद व्हायच्या वेळी, हटकून दोन-चार गिऱ्हाइकं उभी असताना, ताई कापायच्या टेबलापाशी यायची, "चला राणीसरकार, उठा," म्हणायची, आणि धाकटीचं मनगट धरून तिला खुर्चीतून ओढून उभी करायची. बघणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. कुणाला माहीत नव्हतं की उठायचं काम धाकटीच करते. ताई यायच्या आधीच ती पुढे सरकून बसायची, टाचा खुर्चीखाली घ्यायची, मांड्या आवळायची, दात आवळायची, आणि ताईचा हात मनगटाला लागला की स्वतःच स्वतःला वर लोटायची. ताईने फक्त धरायचं. तिला लागू नये, तिची पाठ भरू नये, लोकांसमोर तिला दोनदा ओढावं लागू नये म्हणून. कपड्याच्या आत शिवणीपलीकडे थोडं कापड सोडतात, बाहेरून दिसत नाही, पण त्यावरच सगळा ताण निभावतो. तसं ते उठणं होतं. इतकी वर्षं तिने ते जास्तीचं कापड सोडलं होतं. सत्काराच्या दिवशी ती ते कापून टाकणार होती. टाचा पुढेच ठेवायच्या. अंग सैल सोडायचं. सगळा भार, गोल गालांसकट सगळा, त्या मनगटावर टाकायचा आणि ताईला ओढू द्यायचं. ध्वनिक्षेपकासमोर.

"काय म्हणाले तपासणीत?" घरी ताईने विचारलं. समोर निमंत्रणांचा गठ्ठा होता आणि ती पाकिटांना जीभ लावत होती.

"वयाप्रमाणे आहे म्हणाले."

"म्हटलं नव्हतं मी? उगीच तो नवा डॉक्टर तपासण्या काढतो." तिने पाकीट दाबून बंद केलं. "त्या दिवशी ती निळी नेस. आणि स्टेजवर मी बोलावलं की यायचं, मुसमुसत बसायचं नाही."

"मला स्टेजवर खुर्ची ठेवायला सांग. पायऱ्या चढून लगेच उभं राहवणार नाही."

"ठेवते की. मग मी उठवीन तुला. बरं दिसेल ते."

बरं दिसेल. धाकटी त्या रात्री बऱ्याच दिवसांनी गाढ झोपली.

उरलेल्या दिवसांत ती मनगटाला फार जपली. कपाटाचं दार कोपराने लोटलं, पिशवी खांद्याला अडकवली, नळ इस्त्रीवाल्या काकांकडून बंद करून घेतला. काका म्हणाले, "धाकट्या बाई, हात जास्त दुखतोय का?" ती म्हणाली, "नाही काका, सांभाळून ठेवलाय." रात्री अंथरुणात ती डाव्या हाताने उजवं मनगट चाचपायची, तेव्हा तिला कधी कधी आतली ती पोकळ जाळी डोळ्यांपुढे दिसायची आणि तिच्यातून वारा वाहिल्याचा भास व्हायचा. मध्येच एकदा भीतीही चाटून गेली. हे हाड पुन्हा जुळलं नाही तर? मग चमचा कोण भरवणार? ताई. चारचौघांत, चुणी पाडून. तिने भीती बाजूला सारली, पण ती भीती होती हे तिने नोंदून घेतलं. हिशेबात खोट नको.

सभागृहात कोऱ्या कापडाचा वास होता. सगळे आपापल्या दुकानातलं नवं घालून आले होते आणि एकमेकांच्या शिलाईकडे तिरप्या नजरेने बघत होते. संघटनेच्या अध्यक्षांनी ताईबद्दल सांगितलं: एकटीने उभारलेलं दुकान, हातची सफाई, आणि आजारी बहिणीचं केलेलं. सफाईच्या उल्लेखाला धाकटीच्या कललेल्या बोटांत एक कळ आली, पण ती बसल्या जागी स्वस्थ राहिली. टाचा पुढे. गुडघे सैल. दिव्यांचा उकाडा मानेवर. मग ताई ध्वनिक्षेपकापाशी गेली आणि म्हणाली, "हा सत्कार माझा एकटीचा नाही," आणि टाळ्या वाजू देऊन ती खुर्चीपाशी आली. "चला राणीसरकार, उठा." लोक हसले, मायेने. ताईच्या बोटांनी मनगट धरलं. ती बोटं ओळखीची होती, मधल्या बोटाला अंगुस्तानाने पडलेला घट्टा होता. धाकटीने डोळे मिटले आणि अंग सोडलं.

ताईने ओढलं. खांदा ताणला गेला, मनगटात काहीतरी कुरकुरलं, आणि धाकटी जागची हलली नाही. ताई थबकली. तिने पुन्हा ओढायला हवं होतं. पुन्हा ओढलं असतं तर झालंच होतं. पण ताईने मनगट सोडलं. तिने वाकून, जन्मात पहिल्यांदा, दोन्ही हात धाकटीच्या काखांत घातले, अगदी त्या यंत्रामागच्या मुलीने सांगितलं होतं तसे, जणू तीच ताईच्या कानात बोलली असावी. ताईच्या केसांचा वास आला, खोबरेलाचा आणि यंत्राच्या तेलाचा. मग ताईने उचललं. सगळा भार उचलला. धाकटी हवेत आल्यासारखी वर आली, आणि तिच्या कानाशी ताईच्या तोंडून एक बारीकसा आवाज निघाला, "अं," एवढाच, सुईत दोरा ओवताना निघतो तसा. ध्वनिक्षेपक जवळ होता. तो "अं" सगळ्या सभागृहाने ऐकला, त्यांना वाटलं ताईंना गहिवरून आलं, आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की अध्यक्ष उभे राहिले. ताई उरलेलं भाषण टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून बोलली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. पडला होता, आणि धाकटी दोन हातांच्या अंतरावर उभी राहून तो बघत होती, आणि त्याचं करायचं काय हे तिला कळत नव्हतं.

ताईचा मणका बसला होता. आतल्या आत, दबून, पाचरीसारखा झाला होता. त्याच टेबलावर, त्याच ठोकळ्यावर आता ताईच्या पोटऱ्या टेकल्या, आणि यंत्रामागच्या त्याच मुलीने तोच प्रश्न विचारला, आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं का. मग तिने वर पाहिलं आणि खुर्चीत बसलेल्या धाकटीला ओळखलं. "तुम्ही बहिणी होय? मग यांची तपासणी आधी का नाही केली कुणी?" कारण ताई निरोगी होती. कारण आजारी असणं हे धाकटीचं काम होतं, ते घरात वाटून दिलेलं होतं. आईची हाडं दोघींना मिळाली असतील, हा विचार ताईला शिवला नव्हता हे समजण्यासारखं होतं. पण इतका बारीक हिशेब मांडून बसलेल्या धाकटीच्याही तो मनात आला नव्हता. तिने फक्त स्वतःचीच हाडं मोजली होती.

मग लोक यायला लागले. संघटनेचे, दुकानातले, शेजारचे. ताई पट्टा बांधून उताणी पडलेली असायची आणि लोक खोलीत शिरताना आवाज खाली आणायचे. "बहिणीसाठी पाठ मोडून घेतली हो ताईंनी," ते म्हणायचे, आणि ताई उशीवरच्या उशीवर मान जराशी कलती करायची. पडल्या पडल्यासुद्धा चुणी पडत होती. इस्त्रीवाले काकासुद्धा म्हणाले, "धाकट्या बाई, आता तरी थोडं आपलं आपण उठायचं बघा." ती चहाचा ट्रे दोन्ही तळव्यांवर तोलून आणायची आणि मनात बघायची, की तिने एवढ्या खटपटीने जमवलेले साक्षीदार एकेक करून ताईच्या बाजूने साक्ष देऊन, चहा पिऊन जातायत. तिचं मनगट शाबूत होतं. त्याच्याइतकी निरुपयोगी वस्तू घरात दुसरी नव्हती.

एका दुपारी कुणी आलं नाही. खिडकीतून समोरच्या बुटांच्या दुकानाचं शटर दिसत होतं. ताई छताकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी फार जड झाली होतीस गं."

धाकटी बशी पुसत होती. ती पुसत राहिली.

"रोज कशी पिसासारखी उठायचीस," ताई म्हणाली. मग पट्टा सारखा करत, "दोनदा ओढलं असतं तर तुझा हात गेला असता. हाताला लागलं माझ्या, कसं कचकन झालं ते."

"हो."

"हो काय?"

"गेला असता."

ताईने डोळे मिटले. पंख्याने कोपऱ्यातला कापडाचा एक तुकडा उचलला आणि परत खाली टाकला.

"ती पांढरी गोळी दे," ताई म्हणाली. "तुला कशी सकाळी उभी करायची."

"या दुखण्यावर ती नाही."

"दे तर."

"ती हाडं पोखरते, ताई."

"माहीत आहे," ताई म्हणाली. सहज म्हणाली, गिऱ्हाइकाला कापडाचा पन्हा सांगावा तशी. "म्हाताऱ्या डॉक्टराने तेव्हाच सांगितलं होतं मला. तू बाहेर चपला घालत होतीस."

धाकटीच्या हातातल्या बशीचा गारवा तिच्या बोटांत चढत गेला. चपलेचा पट्टा, बक्कलचा तो न सापडणारा दात, बंद दार. दारामागे इतका वेळ काय चाललंय याचा तिला तेव्हा कंटाळा आला होता, एवढंच आठवत होतं.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय? छताला कापड लागलं होतं. कुणी कापलं असतं?" ताईने ओठांवरून जीभ फिरवली. "आणि ती नसती तर तू उठली तरी असतीस का? खरं सांग."

खरं बोलायची पाळी पहिल्यांदाच धाकटीवर आली होती. तिने ती घेतली नाही. ती उठली, स्वतःची स्वतः, टाचा खुर्चीखाली घेऊन, आणि कपाटातून बाटली काढली. गोळी टेबलावर ठेवली. बोटांनी मोडवत नव्हती म्हणून तिने जड कातरीचं पातं गोळीवर टेकवलं आणि दोन्ही तळवे वरून दाबले. टक्. तिने अर्धी गोळी बशीत ठेवली, शेजारी पाण्याचा पेला ठेवला आणि बशी ताईपुढे धरली.

"अख्खी दे," ताई म्हणाली.

"सीझन नाही," धाकटी म्हणाली.

ताईने तिच्याकडे पाहिलं, मग बशीकडे, आणि तोंड उघडलं. किंमत भरली ती दोघींनीही: ताईने एका संध्याकाळी, टाळ्यांच्या गजरात, एकदम, धाकटीने कित्येक सकाळी, चहाबरोबर, अर्ध्या अर्ध्याने. हिशेबाचा ताळा मात्र जुळत नव्हता, म्हणून उरलेली अर्धी धाकटीने कागदात गुंडाळून उद्याकरता ठेवली.